बरे झालेल्यांनी राहायचे कुठे?

आमच्या बेळगाव शहरात अलीकडे एक छोटा वाद रंगला. एका वसाहतीत तीन खोल्यांचे घर भाड्याने घ्यायचे, मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या चार-पाच बायकांची तिथे राहण्याची सोय करायची आणि सोबतीला एक कार्यकर्ती ठेवायची, असे एका संस्थेने ठरवले होते. घरमालक तयार होता. बातमी फुटली तशी गल्लीच्या पंच मंडळाची बैठक बसली, सह्यांचे निवेदन तयार झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, "आमच्याच गल्लीत कशाला ओ? बायका-पोरं हाईत, उद्या काय झालं तर जबाबदार कोण?" दुसऱ्या तटाचे म्हणणे, "माणुसकी मेली का तुमची?" पहिल्यांनी दुसऱ्यांना ढोंगी ठरवले, दुसऱ्यांनी पहिल्यांना निर्दय. शेवटी घरमालकानेच काढता पाय घेतला आणि विषय मिटला, म्हणजे मिटला असे सगळ्यांनी धरून चालायचे ठरवले.

हा वाद दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढवला गेला. एकीकडे धोक्याचा हिशेब, दुसरीकडे दयेचा. त्या बायकांनी दवाखान्यातून निघून राहायचे कुठे, हा मूळ प्रश्न कुणी हातीच घेतला नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना एकट्याने संसार झेपत नाही, पण ज्यांना दवाखान्यात किंवा कोंडून ठेवण्याचीही गरज नाही, अशा माणसांसाठी थोड्या मदतीवर चालणारी लहान घरे तुमच्या-आमच्या गल्ल्यांत झाली पाहिजेत. ती सरकारी पैशाने, कायद्याच्या आधाराने आणि गल्लीच्या नजरेसमोर चालली पाहिजेत. निव्वळ दानावर चालणारी अशी घरे मला नको आहेत. दान सणासुदीला येते. घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते.

अशा घराचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातले वेड्यांचे इस्पितळ उभे राहते: जाळीच्या खिडक्या, पांढरे गणवेश, रात्री-अपरात्री किंचाळ्या. प्रत्यक्षात हा प्रकार इतका साधा असतो की बघायला गेलेल्याची निराशा व्हावी. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये चेन्नईत सुरू केलेल्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' नावाने हे करून दाखवले आहे. वर्षानुवर्षे इस्पितळात अडकून पडलेल्या माणसांना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायला दिले. काय शिजवायचे, बाजाराला कधी जायचे, कामाला जायचे की घरीच बसायचे, हे तिथे राहणारे ठरवतात. मदतनीस सोबत असते; ज्याला जास्त मदत लागते त्याला जास्त, ज्याला कमी त्याला कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मानसिक आरोग्यसेवांविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात जगभरातून निवडलेल्या चांगल्या उदाहरणांत या उपक्रमाचा समावेश आहे. फिनलंडने २००८ पासून बेघरांना आधी कायमचे घर आणि मग बाकीचे उपचार असे धोरण राबवले आणि बेघरांची संख्या घटवली, हेही सांगता येते. पण फिनलंड म्हटले की आपल्याकडे "त्यांच्याकडं पैसा आहे हो" हे उत्तर तयारच असते. तर फिनलंड राहू द्या, चेन्नई बघा. तिथे भाडे वाढते, पाणी टँकरने येते, आणि कुरकुरणारे शेजारीही भरपूर आहेत.

प्रश्न मनोरुग्णांपुरता नाही, हेही या वादात कुणी म्हटले नाही. आमच्या जिल्ह्यात सौंदत्तीचा, यल्लम्मा देवीचा डोंगर आहे. देवाला मुली सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्याआधी सोडल्या गेलेल्या कितीतरी बायका आज साठी-सत्तरीत आहेत. निपाणी, रायबाग, अथणी, गोकाक, या पट्ट्यातल्या कुणालाही त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. नवरा नाही, सासर नाही, असला तर भावाच्या घरातला ओसरीचा कोपरा. काहींना पेन्शन आहे, काहींना सरकारी योजनेतून गावाच्या कडेला एक खोली मिळाली. भिंती झाल्या, पत्रा झाला. पण गुडघे धरलेल्या बाईला पाण्याची घागर कोण आणून देणार? पेन्शन थटली तर तालुक्याच्या कचेरीत कोण खेटे घालणार? रात्री छातीत कळ आली तर हाक कुणाला मारायची? आपल्या योजना घर देतात तेव्हा माणूस देत नाहीत, आणि संस्था माणूस देतात तेव्हा घर काढून घेऊन खाट देतात. या दोन्हींच्या मधली जागा रिकामी आहे.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणारा मुलगा घ्या. बाल न्याय कायदा, २०१५ अशा मुलांसाठी वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत पुढच्या देखभालीची तरतूद करतो. उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीत त्याला काम मिळेलही. खोली मिळणार नाही, कारण घरमालकाचा पहिला प्रश्न "कुणाचा रे तू?" असा असतो, आणि दुनियेतल्या सगळ्या प्रश्नांपैकी नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई, व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून पुन्हा त्याच गुत्त्यासमोरच्या खोलीत परतणारा गडी, यांचीही गत फार वेगळी नाही. उपचार, समुपदेशन, प्रशिक्षण, कर्ज, शिवणयंत्र असे सगळे देऊन झाले तरी माणूस रात्री कुठे पाठ टेकतो यावर त्यातले निम्मे टिकणार की वाहून जाणार हे ठरते.

आता कायदा. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ मध्ये स्वच्छ म्हटले आहे की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने स्वीकारले नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय उपलब्ध नाही, एवढ्या कारणावरून त्याला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अशा सोयी उभ्या करणे किंवा त्यांना पाठबळ देणे ही सरकारची जबाबदारी असल्याचेही तेच कलम सांगते. आणि प्रत्यक्षात? देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करणारा एक राष्ट्रीय अहवाल २०१९ मध्ये आला. तिथे राहणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक माणसे वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच होती. ज्या कारणासाठी कुणाला ठेवून घेऊ नये असे कायदा म्हणतो, त्याच कारणासाठी माणसे आत बसून आहेत. संस्थेची बाजू घेणाऱ्यांनी पंच मंडळाच्या बैठकीत 'माणुसकी' हा शब्द कमी वेळा उच्चारला असता आणि कलम १९ मराठीत वाचून दाखवले असते, तर निदान चर्चा जमिनीवर आली असती.

विरोध करणाऱ्यांना वेडे किंवा दुष्ट ठरवायला मात्र मी तयार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सेवेच्या नावाखाली काय काय चालते हे लोकांनी पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथल्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ऑगस्ट २०१० मध्ये आपल्याच राज्यात, बंगळूरच्या भिक्षुक पुनर्वसन केंद्रात एकामागून एक माणसे दगावली आणि विधानसभेपर्यंत गोंधळ झाला. कोण कुठली संस्था, आज पाच माणसे म्हणते, उद्या पंचवीस कोंबणार नाही कशावरून, हा प्रश्न विचारणारा गल्लीतला म्हातारा अजिबात मूर्ख नाही. शिवाय असली घरे नेहमी गरिबांच्या वस्तीत येतात, मोठ्या लोकांच्या कॉलनीत येत नाहीत, हेही त्याने पाहिलेले असते.

पण एरवाडीत मेले कोण? शेजारी मेले नाहीत, आतले मेले. बंगळुरातही तेच. दोन्ही ठिकाणी जे घडले ते भिंतीआड घडले, शेजार नसल्यामुळे घडू शकले. मानसिक आजार असलेला माणूस हिंसा करण्यापेक्षा हिंसेचा बळी होण्याचीच शक्यता जास्त असते, हे मानसोपचाराच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. ज्यांनी एसटी स्टँडवर फिरस्त्या बाईची अवस्था पाहिली आहे त्यांना त्यासाठी अभ्यासही वाचायला नको. म्हणजे भीती खरी मानली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. धोका टाळायचा असेल तर घर गल्लीत हवे, लहान हवे, आणि त्याच्या खिडक्या रस्त्याकडे हव्यात. बेल्जियममधल्या गील या गावात सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतात, आणि ही रीत तिथे शतकानुशतके चालत आली आहे. ते गाव अजून शाबूत आहे.

म्हणून गल्लीने अटी जरूर घालाव्यात. माणसे किती राहणार ते लेखी द्या. नोंदणी दाखवा. रात्री-अपरात्री फोन लावला तर उचलणारा कोण, त्याचा नंबर पंचांकडे द्या. डॉक्टर कोण, तेही सांगा. हे सगळे मागण्याचा गल्लीला अधिकार आहे आणि ते न देणाऱ्या संस्थेला मीही घर देऊ नका म्हणेन. दारावर पाटी मात्र लावू नका; आत राहणारी बाई भाजी आणायला जाते तेव्हा तिच्या कपाळावर तिचा आजार लिहिलेला असायची गरज नाही. आणि परवानगी? ती गल्लीने द्यायची गोष्ट नव्हे. कोणी कुठे राहावे हे सह्या गोळा करून ठरवायचे म्हटले तर काय होते, हे मराठी माणसाला इतिहासाने चांगले शिकवले आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. १९२७ च्या सत्याग्रहानंतर गावातल्या दबावापुढे तोच ठराव मागे घेतला गेला, आणि तळ्यावरचा हक्क अखेर १९३७ मध्ये उच्च न्यायालयात सिद्ध झाला. महाडात सह्यांची मोहीम काढली असती तर तळे खुले राहिले असते काय? (जागेचे भाव पडतील, हा मुद्दा मी मुद्दामच सोडून देतो. ज्या शहरात नाल्यावर पाडलेल्या प्लॉटचे भाव पडत नाहीत, तिथे पाच बायकांनी ते पडतील यावर माझा विश्वास बसत नाही.)

एक आक्षेप याहून वरचढ आहे, आणि तो आमच्या वादात एका निवृत्त प्राध्यापकांनीच काय तो मांडला. अमेरिकेने असेच केले होते ना? १९५५ च्या सुमारास तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती. पुढे ती बाहेर काढली गेली, १९६३ मध्ये केनेडींनी वस्तीपातळीवरच्या केंद्रांचा कायदाही केला, आणि शेवटी कितीतरी जण फुटपाथवर नाहीतर तुरुंगात पोहोचले. खरे आहे. पण तिथे फसले काय ते नीट पाहिले पाहिजे. वचन दिलेल्या केंद्रांपैकी बरीच उभी राहिली नाहीत, आणि घरांचा तर विचारच अपुरा होता. दवाखान्याचे दार उघडले, दुसरे कुठलेच दार उघडले नाही. प्राध्यापकांचे उदाहरण आधाराच्या घरांच्या विरोधात जात नाही. घरांशिवाय सुटका करण्याच्या विरोधात जाते, आणि आपण आज बऱ्या झालेल्या माणसाच्या हातात गोळ्यांची पुडी आणि बसचे तिकीट देऊन नेमके तेच करतो आहोत.

"आपल्याकडं कुटुंब आहे की." या वाक्यापाशी बहुतेक चर्चा संपतात. मला ते वाक्य खोटे वाटत नाही. आपल्याकडे दुबळ्या माणसांचा बहुतेक भार अजून कुटुंबच वाहते, आणि सरकारने घरे काढली तर काही लोक म्हाताऱ्या आईला किंवा अपंग भावाला तिथे टाकून मोकळे होतील, ही शंकाही रास्त आहे. पण 'कुटुंब' म्हणताना आपण कुणाकडे बोट दाखवतो? त्या घरातल्या एका बाईकडे. मतिमंद मुलाला चाळीस वर्षे न्हाऊ-माखू घालणारी, स्वतः सत्तरी ओलांडलेली आई वडगाव-खासबागच्या विणकर गल्ल्यांत असते, टिळकवाडीतल्या बंगल्यातही असते, आणि दोघींच्या तोंडी एकच वाक्य असते: "माझ्यामागं ह्याचं काय?" संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा केला, त्याखाली अशा प्रौढांसाठी 'घरौंदा' नावाची सामूहिक निवासाची योजनाही आहे. म्हणजे आईचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचला होता. उत्तर परत गल्लीपर्यंत आलेले नाही. ती आई जिवंत असतानाच मुलगा आठवड्यातले चार दिवस जवळच्या घरात राहायला लागला, तर तिने त्याला टाकले असे होते का? उलट ती गेल्यावर तो भेदरून जाणार नाही, एवढी तयारी तिने करून ठेवलेली असते.

आणि जरा स्वतःकडे बघू. बेळगाव हे पेन्शनरांचे गाव. मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. इथे चार खोल्यांच्या बंगल्यात आई किंवा वडील एकटे. मग काय करतो आपण? सकाळ-संध्याकाळचा डबा लावतो. ब्युरोतून रात्रीसाठी बाई ठेवतो. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवतो. ओळखीच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा चक्कर मारायला सांगतो, मेडिकलवाल्याला गोळ्या घरपोच द्यायला सांगतो, बँकेतल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगतो, आणि हॉलमध्ये कॅमेरा बसवून पुण्यातून बघतो. स्वतःचे घर, आणि जिथे कमी पडेल तिथे मदत. ज्या गोष्टीविरुद्ध निवेदन दिले गेले ती हीच गोष्ट आहे. फरक एवढाच की आपण ती पैसे मोजून घेतो, आणि तिच्यासाठी आपल्याला गल्लीच्या सह्या लागत नाहीत. त्या निवेदनावर सही करणाऱ्यांत अशा आधारावर राहणारे, किंवा आपल्या आईबापांना अशा आधारावर ठेवून आलेले लोक किती असतील? मला वाटते, निम्म्याहून कमी नसतील. मग दवाखान्यातून आलेल्या बाईने तेच मागितले तर ती लाड करून घेते आहे असे का वाटावे?

इथे मराठी मनाची एक जुनी खोड आडवी येते. आपल्याला आश्रम आवडतात. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घराशी, गावात. कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांनी हिंगण्याला गेला. तेव्हाचे हिंगणे म्हणजे दूरचे खेडे, आणि कर्वे तिथून पायी कॉलेजात जात-येत. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्याला गावात कुणी उभे करत नव्हते. गावाबाहेर जाणे ही त्या काळातली लाचारी होती. आपण तिचा आदर्श करून टाकला. आता कुणी दुबळे दिसले की आपल्या डोक्यात लगेच माळरान, कंपाउंड, प्रार्थनेचा हॉल आणि देणगीदारांच्या नावांची फरशी येते. तिथे आपण पोराच्या वाढदिवसाला केक घेऊन जातो, ओळीने बसवलेल्या म्हाताऱ्यांना जिलबी वाढतो, फोटो काढतो. कुणी न सांगता आपल्या जेवणघरात अशी पंगत मांडली तर आपल्याला चालेल का? त्या लोकांनी आज जिलबी खायची आहे की नाही, हे त्यांना कुणी विचारलेले नसते. कायदेसुद्धा याच साच्यातले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असे म्हटले. बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७ लाखांवर. अथणीकडच्या खेड्यातल्या म्हातारीने शंभरावर किलोमीटर दूर, ओळखीचे एक माणूस नसलेल्या दीडशे जणांच्या दालनात जायचे, म्हणजे तिची सोय झाली म्हणायची.

या साच्याला छेद देणारे उदाहरण आपल्याच शेजारी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतली मुले, अशा अनेकांसाठी वसतिगृहे उभी राहिली. फी माफ केली म्हणून खेड्यातला मुलगा शिकत नाही. रात्री झोपायचे कुठे आणि जेवायचे काय हे ठरले की शिकतो, हे त्यांनी ओळखले होते. ती वसतिगृहे शहरात होती, शाळा-कॉलेजांच्या जवळ. त्यांना तेव्हाही नावे ठेवणारे होते. पण बोर्डिंगमुळे बहुजन समाजाची कुटुंबे मोडली असे आज म्हणून पाहा, लोक हसतील. सीमाभागातल्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस अशाच एखाद्या बोर्डिंगातून बाहेर पडलेला आहे.

पैशाचे उत्तर थोडक्यात देतो. कर्नाटकात १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्याखाली घरपट्टीवर ३ टक्के भिक्षुक सेस घेतला जातो. बेळगावात घर असलेला प्रत्येक माणूस तो भरतो. चलन नीट वाचले तर सापडेल. म्हणजे निराधारांसाठी आपण आधीच पैसे देतो आहोत, आणि त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिचा गाभा माणसे रस्त्यावरून उचलून एका आवारात ठेवण्याचा आहे. मोठ्या आवाराला चोवीस तास पहारेकरी, परिचारिका, स्वयंपाकघर, रुग्णवाहिका, दुरुस्ती असे सगळे लागते. पाच जणांच्या घराला लागते भाडे, एका कार्यकर्तीचा पगार, आठवड्याला एक भेट आणि गरजेला डॉक्टर. राहणाऱ्यांची पेन्शन किंवा मजुरी त्यात मिसळते. कार्यकर्तीचा पगार मात्र नीट द्यावा लागेल. सगळा आधार तिच्या अंगावर आहे, आणि तिला अंगणवाडी ताईसारखे मानधनावर ताटकळत ठेवायचे असेल तर हा लेख वाचल्याचे विसरून जावे.

राहता राहिला सीमाप्रश्न, जो आमच्याकडे कुठल्याही विषयात येतोच. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि गरिबाच्या ऑपरेशनचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्नसुद्धा स्वाभिमानाचा झाला. "आधी भाषेचा हक्क मिळू द्या, मग बाकीचे" असे म्हणणाऱ्यांची तळमळ मला कळते. मराठीतून परिपत्रके मिळावीत या मागणीसाठी या भागाने लाठ्या खाल्ल्या आहेत. पण भाषा आणि आधार हे वेगळे काढताच येत नाहीत. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. त्याची बायको भरकटली तर ती बेळगावच्या स्टँडवर सापडते, इथून धारवाडच्या मनोरुग्णालयात जाते. आधारकार्ड महाराष्ट्राचे, केसपेपर इथला, बोलणे चंदगडी. बरी झाल्यावर तिला कुठे पाठवायचे, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे ठरवायला दोन राज्यांचे कागद लागतात. आणि खानापुरातली मराठी बाई तर कर्नाटकाचीच रहिवासी. तिला गोळ्या कशा घ्यायच्या हे तिच्या भाषेत सांगणारी कार्यकर्ती मिळणे हा उपचाराचाच भाग आहे. मराठी कागदांची मागणी करणाऱ्यांनी दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद त्या यादीत घातला तर ती मागणी दुबळी होणार नाही.

हे अशक्य आहे असे सांगू नका. दर पावसाळ्यात अलमट्टीतून किती पाणी सोडायचे यावर कोल्हापूर, सांगली आणि बेळगावचे अधिकारी एकमेकांशी बोलतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या राज्यपालांनी कोल्हापुरात बसून सीमावर्ती जिल्ह्यांची समन्वय बैठक घेतली. सीमेचा निकाल लागला नाही म्हणून ती बोलणी थांबली नाहीत. पुढच्या अशा बैठकीच्या विषयपत्रिकेत एक कलम घालता येईल. धारवाड आणि रत्नागिरी या दोन मनोरुग्णालयांतली सीमाभागातली माणसे किती, त्यांच्यापैकी निव्वळ जागा नाही म्हणून आत असलेली किती, आणि बेळगाव, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इथे त्यांच्यासाठी पहिली चार घरे कुठल्या राज्याने कधीपर्यंत भाड्याने घ्यायची. भाडेकरार अकरा महिन्यांचाच करा. गल्लीलाही तेवढ्यात कळेल, आणि अधिकाऱ्यांनाही.